ट्रक माझ्याच हातात बंद पडायचा

पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा मी शीळफाट्याच्या सिग्नलला उभी होते आणि मागे अरेका पामच्या कुंड्या होत्या. गचका नाही, आचका नाही, धूर नाही. कुणीतरी हात घालून किल्ली बंद करावी तसं इंजिन गप्प झालं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न धरला. मी किल्ली फिरवत राहिले. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हतं. शेवटी दोन रिक्षावाले उतरले आणि त्यांनी ढकलून ट्रक कडेला लावला.

मी बाबांना फोन केला. बाबांऐवजी भावजय आली, स्कूटरवरून. तोवर मी ड्रायव्हरची सीट उचलून आत डोकावत होते, कारण आमच्या ट्रकचं इंजिन सीटच्या खालीच आहे. तिनं सीट खाली टाकली, वर बसली, पुढे ओढून घेतली आणि किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीत ट्रक चालू.

"ताई, तुम्ही स्कूटर घेऊन या," ती म्हणाली. "कुंड्या मी देऊन येते."

भर ऑक्टोबरच्या उन्हात मी तिच्या स्कूटरवरून मागे आले. नर्सरीत बाबा कढीपत्त्याच्या रोपांना पाणी घालत होते. त्यांना सगळं आधीच कळलेलं. हसून म्हणाले, "तिच्या हाताला लागलीय गाडी."

ते वाक्य माझ्या पोटात गेलं आणि तिथंच बसलं.

ट्रक म्हणते, पण तो तसा छोटा टेम्पोच. बाबा मात्र त्याला पहिल्यापासून ट्रकच म्हणत आले. जुना, पेट्रोलवरचा. पुढे त्याला गॅसचं किट बसवलं. मानपाड्याच्या पुढे रस्त्याला लागून बाबांची नर्सरी आहे, आणि कुंड्या, माती, शेणखत, रोपं, जे काही कल्याण-ठाण्याकडच्या सोसायट्यांत जातं ते या ट्रकनंच जातं.

मी गाडी शिकले ती याच्यावर. बारावीची परीक्षा संपली तेव्हा बाबांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. तेव्हा त्या बाजूला कंपन्यांच्या भिंती आणि मोकळं रान सोडून काही नव्हतं. बाबा ओरडायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "ऐक, गाडी काय सांगतेय." आवाज जड झाला की गिअर खाली, मोकळा झाला की वर. नाक्यावर चहाला थांबलो की लोक ड्रायव्हरच्या दारातून उतरणाऱ्या मुलीकडे बघायचे, आणि बाबा न विचारताच सांगायचे, "माझी पोरगी आहे." चहा आला की अर्धा बशीत ओतून बशी माझ्याकडे सरकवायचे. नंतर मी ठाण्याला विम्याच्या ऑफिसात लागले, लग्न झालं, कोपरला राहायला गेले, आणि ट्रक चालवायची वेळ पुन्हा आली नाही. पण आपण बाबांची ट्रक चालवणारी मुलगी आहोत, हे मनात कायम होतं. ती जागा माझ्या नावावर आहे असंच मी धरून चाललेले.

मग आमच्या ऑफिसची शाखा बंद झाली. शेहेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसले. बाबांनी फोन करून सांगितलं, "नर्सरीत ये. कामाला माणूस हवंच आहे." मला वाटलं, मी परत चाललेय.

जाऊन बघते तर जागा भरलेली.

भावजय कराडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती. माझा भाऊ एमआयडीसीत शिफ्टमध्ये, त्याला मातीत हात घालायची आवड कधीच नव्हती. आई गेल्यानंतर नर्सरीत बाबांच्या हाताखाली हीच उभी राहिली. बाबांना काचबिंदू निघाला, गाडी सोडावी लागणार हे कळलं, तेव्हा त्यांनी हिला ट्रक शिकवला. त्याच रस्त्यावर, तसंच शेजारी बसून. मी कोपरला होते, अर्ध्या तासावर, आणि मला हे कुणी सांगितलंही नव्हतं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

आता चहाची बशी तिच्याकडे सरकायची. बाबांना ते लक्षातही यायचं नाही. मला मात्र रोज दिसायचं.

ट्रक नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेला. बरीच वर्षं तोच ट्रकचं काम बघतो. त्यानं सीट उचलली, प्लग काढून पाहिले, बदलले. दोन-चार दिवस भावजय चालवत होती, काही झालं नाही. मग मी घेऊन गेले, आणि घारड्याच्या चौकाकडे वळताना पुन्हा तेच. मिस्त्रीनं प्लगच्या वायरी बदलल्या. मग प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल बदलली. गरम झाली की कॉइल दगा देते, गाडी थंड झाली की चालू होते, असं त्याचं म्हणणं. ते पटण्यासारखं होतं, कारण बंद पडल्यावर थोड्या वेळानं ट्रक खरंच चालू व्हायचा. नवी कॉइल घालून तो स्वतः काटई नाक्यापर्यंत जाऊन आला. ठणठणीत. मग भावजय ठाण्याला जाऊन आली, घोडबंदर रोडच्या सगळ्या ट्रॅफिकमधून. ठणठणीत. दुसऱ्या दिवशी मी निघाले आणि पलावाच्या अलीकडेच उभी राहिले.

मिस्त्री वैतागला. चालू गाडीत मी काय शोधू, असं म्हणाला. बंद असताना दाखवा. पण बंद असताना दाखवायचं कसं? फोन करून तो येईपर्यंत मी उतरलेली असायची, सीट उचललेली असायची, आणि त्यानं किल्ली फिरवली की इंजिन शहाण्यासारखं सुरू. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला कळली. ऑफिसात खोटा क्लेम घेऊन आलेल्या माणसाकडे मी तशी बघायचे.

त्याच आठवड्यात बाबा माझ्याबरोबर कल्याणला आले. पुलावर, बरोबर मधोमध, ट्रक बंद. मागे रांग लागली. बाबा म्हणाले, "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

क्लचवर पाय ठेवल्यानं इंजिन असं बंद पडत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. हे तेही जाणत होते. तरी म्हणाले. मी उतरले, सीट उचलली, आत बघितल्यासारखं केलं, सीट खाली टाकली, किल्ली फिरवली. चालू झाला. परतीच्या वाटेवर बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. भांडण ट्रकवरून नव्हतंच.

त्या दिवसापासून मी भावजयीवर डोळा ठेवायला लागले. ही वेगळं काय करते? किल्ली कशी धरते? निघण्याआधी किती वेळ इंजिन तापवते? एकदा कारण काढून तिच्याबरोबर ठाण्याला गेले, शेजारच्या सीटवर बसून. खरं सांगायचं तर सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट मागत होते: बंद पड. एकदा तरी हिच्या हातात बंद पड. मुंब्र्याच्या चढावर वाटलं, आता. कुठलं काय. ती ट्रक चांगला चालवते हे मला तिथं कबूल करावं लागलं, आणि त्यानं आणखीच जळले. कारण ती बाबांसारखी चालवत होती. वळणाआधी तसाच हलका ब्रेक, गिअर टाकताना तशीच किंचित मान वाकवून इंजिन ऐकणं. ते सगळं मी माझं समजत होते. तिनं ते कुठून घेतलं हे विचारायची गरज नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग नको जाऊस नर्सरीत. त्याला वाटलं मी कंटाळले. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेले.

मिस्त्रीकडे एक टेस्ट लॅम्प होता. पेचकसासारखी मूठ, आत छोटा दिवा आणि एक वायर. करंट आहे की नाही बघायला. तो तिथं पडलेला बघून मी त्याला विचारलं, की हा दिवा मला चालवताना समोर ठेवता येईल का? म्हणजे कॉइलला किल्लीकडून जो करंट जातो त्याला लांब वायरनं दिवा जोडायचा आणि डॅशबोर्डवर ठेवायचा. इंजिन बंद पडलं आणि दिवा जळतोय, तर बिघाड कॉइलच्या पुढे. दिवाही विझला, तर करंट कॉइलपर्यंत पोचतच नाहीये, बिघाड अलीकडे. निदान अर्धा ट्रक तरी निर्दोष सुटेल.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "चालेल की. मला आधी का नाही सुचलं," म्हणाला आणि लगेच जोडून दिला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, एकटी जाऊ नकोस, तिला बरोबर घे. मी म्हटलं, गरज नाही. ते म्हणाले, असू दे बरोबर. म्हणजे दिवा माझा, पण माझ्यावर भरवसा नाही. दुपारी आम्ही दोघी निघालो. मागे लाल मातीच्या गोणी, समोर काचेखाली तो पिवळा मिणमिणता दिवा. ट्रक माझ्या हातात बंद पडावा असं मला पहिल्यांदाच वाटत होतं, आणि आता पडला नाही तर काय, ही धास्तीही होती.

कल्याण-शीळ रस्त्यावर, खड्ड्यांचा पट्टा ओलांडल्यावर, इंजिन गेलं. दिवाही गेला.

मी ट्रक उतारावरून तसाच कडेला नेऊन थांबवला. "अलीकडेच आहे," मी म्हणाले. कॉइल, प्लग, वायरी, ज्यांच्यावर आम्ही इतके दिवस संशय घेतला ते सगळे सुटले. मी दार उघडलं आणि सीट उचलायला उतरणार, तेवढ्यात तिनं माझा दंड धरला.

"ताई, उठू नका. आपण दरवेळी उठतो, सीट उचलतो, आणि मग गाडी चालू होते. या वेळी काही हलवायचंच नाही."

मी बसून राहिले. ती खाली वाकली, जवळजवळ माझ्या पायांत शिरली आणि सीटखाली हात घालून वायरी चाचपायला लागली. इंजिन तापलेलं होतं. एकदा हात भाजला तेव्हा तिनं हात झटकला आणि पुन्हा घातला. मागे पोचता येईना, म्हणून म्हणाली, जरा पुढे सरका. मी सीटचा खटका ओढून सीट पुढे घेतली.

दिवा लागला.

आम्ही दोघींनी दिव्याकडे पाहिलं. मी सीट पुन्हा मागे नेली. विझला. पुढे घेतली. लागला. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं गाडी हळू करून, काय झालं विचारलं, तर ती म्हणाली, काही नाही, सापडलं.

किल्लीकडून कॉइलला जाणारी लाल वायर सीटच्या रुळाखालून गेलेली होती. गॅसचं किट बसवणाऱ्यानं ती जुन्या वाटेवरून काढून तिथं बांधून टाकलेली. तोवर बाबांनी चालवणं सोडलेलं. रुळाच्या पट्टीनं वायरीचं प्लास्टिक झिजलं होतं, आतल्या तारा तुटत तुटत दोन-तीनच उरल्या होत्या. सीट पुढे असेल तर वायर सैल राहायची, तारा एकमेकींना टेकून करंट जायचा. सीट अगदी शेवटच्या खाचेत गेली की वायर ताणली जायची, आणि एखाद्या हिसक्यानं तारा सुटायच्या. सीट उचलली की ताण गेला, पुन्हा टेकल्या. भावजय बुटकी, ती स्टिअरिंगला लागून बसते. मिस्त्री तिनं ठेवलेल्या सीटवरच बसून काटईला जाऊन आलेला. आणि मी बाबांवर गेलेय. उंच. मला शेवटची खाच लागते.

म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हताच, पायांचा होता. इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले. पण तीही हसत होती, आणि तेवढ्यात मनात आलं, उठू नका असं ती म्हणाली नसती तर मी या वेळीही सीट उचललीच असती. दिवा माझा होता, पण वायर तिनं धरली. हसू तिथंच थांबलं.

सीट पुढे ठेवून ट्रक चालवायचा म्हटला तर माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मिस्त्रीपर्यंत ट्रक तिलाच न्यावा लागला. मी पुन्हा शेजारी.

वाटेत ती समोर बघतच म्हणाली, "तुम्ही नर्सरीत येणार कळलं तेव्हा मी यांना म्हटलेलं, आता माझं काम संपलं. बाबा सारखे सांगायचे, माझी पोरगी ट्रक चालवायची. मी काही चुकवलं की पहिलं तेच. तिला कधी असं सांगावं लागलं नाही."

मी विचारलं, "असं म्हणायचे?"

"अजून म्हणतात. तुम्ही नसलात की."

ज्या बाईचा मी इतके महिने हेवा करत होते, ती त्याच ट्रकमध्ये बसून माझा हेवा करत होती. हे ऐकून मला बरं वाटलं. मन मोठं झालं म्हणून नाही. तिलाही जळताना पाहिलं म्हणून.

मिस्त्रीनं नवी वायर टाकली, वर पाइप चढवला आणि सीटपासून लांबून नेली. नर्सरीत पोचल्यावर भावजयीनं बाबांना सांगून टाकलं, "ताईंनी शोधलं. दिव्याची आयडिया त्यांची." सरळ सांगितलं, काही हातचं न राखता. मग मलाही म्हणावं लागलं, सीट उचलू नका हे हिनं सांगितलं म्हणून सापडलं. पण मी ते चहा पिऊन झाल्यावर म्हणाले.

बाबांनी दोघींचं ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाले. मग कुंड्यांकडे वळून, उद्या ठाण्याला कोण जातंय, असं विचारून किल्ली भावजयीच्या हातात दिली.

मला वाटलेलं, कारण सापडलं की पोटातलं जळणंही जाईल. उलट आता ते ट्रकवर ढकलायची सोय राहिली नव्हती. संध्याकाळी भावजय स्वयंपाकाला घरी गेली आणि बाबा गुलाबांच्या वाफ्यात होते, तेव्हा मी त्यांना विचारलं.

"तिला का शिकवलंत, बाबा?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. ट्रक चालवायला कुणीतरी नको का, म्हणाले. मी म्हटलं, मला का नाही बोलावलंत? मला येत होतं.

बाबांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. काचबिंदूमुळे ते हल्ली बोलताना पूर्ण मान वळवून बघतात. तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकलीस आणि गेलीस. जायचंच होतं, त्यात तुझं काही चुकलं नाही. ती शिकली आणि राहिली. एवढंच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. मी पाइप उचलला आणि उरलेल्या वाफ्यांना पाणी घातलं.

आता आम्ही फेऱ्या वाटून घेतल्यात. कल्याण, भिवंडीकडचं मी करते, ठाणे ती. त्यानंतर ट्रक एकदाही रस्त्यात उभा राहिलेला नाही. लोकांना वाटतं आमचं छान जमलंय, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. मला रोपं दाखवताना गिऱ्हाइकांशी नीट बोलता येतं, तिला येत नाही, तर ती मला पुढे करते. तिच्या मुलीला दहावीचं गणित मी शिकवते. तरी कधीकधी बाबा तिला एखादी गोष्ट हळू आवाजात सांगतात, ती मान डोलवते, आणि माझं हातातलं काम थांबतं.

गेल्या महिन्यात बाबांच्या डोळ्यांची ठाण्याला तपासणी होती. रिक्षानं त्यांना गरगरतं, म्हणून ट्रकच काढायचं ठरलं. मी किल्लीकडे हात नेला तेवढ्यात बाबा म्हणाले, "ती चालवेल. तू माझ्याजवळ बस, डॉक्टर काय म्हणतात ते तुला कळतं." मला ते लागलं. चाळिशी कधीची ओलांडलेल्या बाईला असं लागावं हे बरोबर नाही, पण लागलं. मी मधे बसले, बाबा खिडकीशी. परत येताना माझा हात त्यांनी धरून ठेवलेला, कारण तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातल्यानं त्यांना नीट दिसत नव्हतं.

माझिवड्याला वळताना एक मोठी बस आडवी उभी होती. भावजयीला डावीकडचं दिसेना. बाबांनी सवयीनं खिडकीतून मान बाहेर काढली, पण त्यांना कळेना येतंय कोण.

"ताई, बघा ना, कोण येतंय का?" ती म्हणाली.

मी बाबांच्या अंगावरून वाकून पाहिलं. एक दूधवाला गेला, मग रस्ता मोकळा झाला.

"नाही," मी म्हणाले. "जा तू."